फोनचा वर्षावास

६ जुलै

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी आज साक्षीला अर्धा तास बोलतं केलं आणि मला पाच मिनिटांत गप्प केलं. मी म्हणालो, "मॅडम, पोट्टी हुशार हाय. फक्त लक्ष देत नाई." त्या म्हणाल्या, "आजोबा, ती लक्ष देत नाही असं नाही. लक्ष तिच्या ताब्यात राहत नाही. आळस नाही, हट्ट नाही, मेंदूची ठेवणच तशी आहे." याला एडीएचडी म्हणतात. पुण्याच्या डॉक्टरांनीही हेच नाव सांगितलं होतं, पण मी मनावर घेतलं नव्हतं. पुण्यात शिंकलं तरी त्याला इंग्रजी नाव असतं.

फोन अशा पोरांना लवकर धरतो, कारण तो घडोघडी नवं काहीतरी दाखवतो, असं त्या म्हणाल्या. हिसकू नका, वेळ ठरवून द्या. हाताला काम द्या, छोटं छोटं, चालतं-फिरतं. ती करत असेल तेव्हा कुणीतरी सोबत राहा. चारचौघांत तिच्याविषयी बोलू नका. गोळी सकाळी, पोटात काही गेल्यावर.

येताना पातूरच्या घाटात सगळा डोंगर हिरवागार झाला होता. साक्षीनं फोनमधून मान वर केली नाही.

साक्षी म्हणजे आमच्या विनोदची लेक, पंधरा वर्षांची. विनोद आणि सूनबाई दोघंही पुण्याला कंपनीत, शिफ्टवर. मागं घरात पोरगी आणि फोन. आठवीत कशीबशी सुटली, म्हणून या जूनपासून नववीला इथं मेडशीत आमच्याकडं. विनोदनं स्वच्छ सांगितलंय, दिवाळीपर्यंत फोन आटोक्यात आला तर ती इथं राहील, नाही तर होस्टेलच्या शाळेत.

मी सातवीनंतर शाळा सोडली. पाण्याच्या मोटारींत नवी तार भरायचं काम जळक्या मोटारी उघडून उघडून शिकलो आणि वाचनाची गोडी भज्यांच्या कागदावरून लागली. मोटार जळाली म्हणून घाबरायचं नाही, तार कुठं सैल झाली तेवढं शोधायचं. पोरीचंही तसंच असणार.

विनोद पुण्याला गेल्यापासून या घरात दोन माणसं आणि एक भिंतीवरचं घड्याळ. आता दार आपटतं, मोरीत तांब्या पडतो, कुणीतरी चपला विसरून शाळेत पळतं. हे मला पाहिजे. होस्टेल नाही.

१० जुलै

आषाढ पौर्णिमा. आजपासून विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन. दरवर्षीप्रमाणे वाचायला मीच. तीन महिने, आश्विन पौर्णिमेपर्यंत.

वाचता वाचताच डोक्यात उजेड पडला. पावसाळ्यात भिक्खू हिंडत नाहीत, एका जागी राहून मन स्थिर करतात. मग फोननं का हिंडावं? वाचन संपल्यावर मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, "माह्यी नात साक्षी आजपासून फोनचा वर्षावास पाळणार हाय. फोन माह्या आलमारीत राह्यीन, संध्याकाळी एक तास भेटीन. तुमी समदे साक्षीदार."

टाळ्या पडल्या. साक्षीनं मान खाली घातली. कौतुक झालं की पोरी लाजतातच. घरी येताना ती माझ्या खूप पुढं चालत होती. उत्साह असेल.

माझी बायको केशरबाई भाकरी थापत म्हणाली, "डॉक्टरनं चारचौघांत बोलू नका मनलं होतं ना?"

"अवं, ते रागावाचं. हे त कौतुक हाय."

"हो," ती म्हणाली. "कौतुकच."

१९ जुलै

गाव किती मदतीला येतं! रस्त्यानं जाताना प्रत्येक जण साक्षीला विचारतो, "काय वं, वर्षावास चालू हाय ना?" दुकानदारसुद्धा विचारतो. मला भरून येतं. साक्षी आता शाळेतून मागच्या गल्लीनं येते. तो रस्ता चिखलाचा आहे, समजत नाही काहून.

विहारात मी तिला माझ्याजवळ बसवतो. पहिल्या पानाला तिचा पाय हलायला लागतो, दुसऱ्याला ती ओढणीचे दोरे काढते, तिसऱ्याला पाणी प्यायला जाते ती वाचन संपेपर्यंत येत नाही. मी घरी म्हणतो, "लक्ष कुठं हाय तुह्यं?" दिवसातून किती वेळा म्हणतो, मोजत नाही. गणित घेऊन बसलो तरी तेच. एक उदाहरण, आणि तेवढ्यात तिनं पेनचे पाच तुकडे केलेले.

काल तिनं आलमारीवर दोन्ही मुठी आपटल्या. चावी माझ्या करदोड्याला असते. मी हललो नाही. नंतर ती कोपऱ्यात रडली, तेव्हा मात्र हललो आणि तिच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवून आलो.

पोरांचा फोन कसा सोडवायचा, यावर माझ्या फोनमध्ये पुष्कळ व्हिडिओ आहेत. एक मास्तर फार छान सांगतात. रात्री आणि दुपारी पाहतो.

२२ जुलै

केशरबाई म्हणते, "पोट्टीचा सोडवता सोडवता तुमालेच लागला." बायकांना अभ्यास म्हणजे काय ते कळत नाही.

२ ऑगस्ट

पावसानं ताण दिला आहे. आज वाचनाला साक्षी आलीच नाही. ग्रंथ मिटून मी शोधायला निघालो. शाळा, बसस्टँड, मैत्रीण, सगळं पालथं घातलं. शेवटी नाल्याकाठच्या भाजीच्या बाडीतून तिचा आवाज आला. हसण्याचा.

बाडी पंजाबरावाची. हा माळी माझ्याच वयाचा, दुसरीपर्यंत माझ्या शेजारी बसायचा आणि माझीच पाटी पुसायचा. आता मेथी, भेंडी आणि सांबार लावतो, पुण्याकडं त्याला कोथिंबीर म्हणतात. मोटार चालू होती. दांडातून पाणी येत होतं आणि साक्षी गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात फावडं. एक वाफा भरला की मातीचा गोळा टाकून त्याचं तोंड बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं, तोवर मागचा कुठं फुटला का बघायला पळायचं. पळत होती, ओरडत होती, "पंजाबआबा, चौथा भरला! पाचवा फोडू?"

पंजाबआबा. गावात तिला आबा एकच आहे.

पंजाबराव बाजेवर आडवा पडून म्हणाला, "ये शेषराव. तुह्यी नात बाका गडी हाय लेका. मले उठूच देत नाई."

रात्री आठ वाजून गेले तरी तिनं फोन मागितला नाही. मीच विचारलं, "तुह्या तासाचं काय?" ती म्हणाली, "अरे हो," आणि जेवता जेवताच झोपली. मी पुष्कळ वेळ जागा होतो. आनंद झाला पाहिजे होता.

५ ऑगस्ट

आज तिनं ओढणीत बांधून भेंड्या आणल्या. "आजी, हे मले पंजाबआबानं देल्ल्या." मले! ती पुण्याहून आल्यापासून मी वऱ्हाडी बोलतो आणि ती "मला बोअर होतंय" बोलते. दोन महिन्यांत माझ्याकडून एक शब्द उचलला नाही. त्याच्याकडून तीन दिवसांत.

"आबा, तुम्ही पण चला ना उद्या," म्हणाली. मी म्हणालो, मला विहारातलं वाचन काढून ठेवायचं असतं. आणि तो मास्तरांचा नवा व्हिडिओही आला आहे.

भेंडीची भाजी मी घेतली नाही. पोट जड होतं. केशरबाईनं माझ्याकडं पाहिलं आणि सगळी साक्षीच्या ताटात वाढली.

११ ऑगस्ट

आज पंजाबरावाला चहाच्या हॉटेलात गाठलं.

"काय सांगतं रे तू त्या पोट्टीले?"

"काई नाई. मी मनलो, वाफा फुटला त सांबार वाहून जाईन, लक्ष ठेव. अन् मी झोपलो."

"झोपला?"

"मंग काय करू? तीच पानी पाहून राह्यली त मी काय पाहू?"

"पंजाबराव, तिले एडीएचडी हाय."

"असन," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "मले बीपी हाय."

आता बोला! मी डॉक्टरांकडं घेऊन गेलो, मी वर्षावास काढला, चावी करदोड्याला बांधून कातडीवर वळ पाडून घेतले, आणि हा गडी बाजेवर घोरतो नि पोरगी सुधारते त्याच्याकडं. आयत्या पिठावर रेघोट्या. आणि ती मोटार कोणाच्या हातची? माझ्या. उन्हाळ्यात मीच भरून दिली. पाणी माझ्या मोटारीचं आणि पोरगी त्याची.

शाळेतले सरही म्हणाले, साक्षी आता वर्गात थोडी बसते. मी म्हणालो, "वर्षावासाचा परिणाम हाय सर."

२३ ऑगस्ट

उद्या रविवार, बाजार. पंजाबराव साक्षीला सोबत घेऊन दुकान लावणार आहे. ती दिवसभर सांबाराच्या जुड्या बांधत होती. सुतळीचा तुकडा दातात, जुडी हातात, गाठ, पुढची. एकही सैल नाही. मी दारातून पाहिलं.

"आबा, मी गिऱ्हाईक कसं बोलावते ऐका. आला आला ताजा सांबार! उद्या तुम्ही पण या ना. मले लय मजा येईन."

माझा गुडघा दुखतो म्हणालो. खरंच दुखतो तो.

मग ती केशरबाईला सांगत बसली, पंजाबआबा असं म्हणतात, पंजाबआबा तसं म्हणतात. मी आत जाऊन पडलो.

२४ ऑगस्ट

जे झालं ते मी तिच्या भल्यासाठीच केलं. बाजारात ऊन असतं, गर्दी असते, वयात आलेली पोरगी. शिवाय फार ताणलं की दोर तुटतो, हे त्या मास्तरांनीही सांगितलं आहे.

सकाळी ती वेणी घालून तयार होती. मी आलमारी उघडली आणि फोन तिच्यापुढं धरला. "घे. आज सुट्टी हाय. मनभर पाह्य."

"वर्षावास?"

"एखादा दिवस चालते."

ती दाराकडं पाहायची, फोनकडं पाहायची. बाहेर पंजाबरावाच्या गाडीचा हॉर्न वाजला. तिनं फोन हातात घेतला, "पाचच मिनिटं," म्हणाली आणि बसली. हॉर्न परत वाजला. मी बाहेर जाऊन सांगितलं, "तिले बरं नाई वाटून राह्यलं."

"काल त चांगली होती."

"आज नाई."

तो गेला. आज ती दिवसभर घरात होती, माझ्याच खोलीत, माझ्याच बाजेवर. मी तिच्यासाठी शेव आणली. तिनं न पाहताच खाल्ली.

२८ ऑगस्ट

फोन परत मागितला तर म्हणते, "तुम्हीच दिला ना." रात्री पांघरुणाखाली उजेड दिसतो. मंगळवारी आणि आज शाळेत गेली नाही. गोळी घेते की नाही कळत नाही. बाडीत जात नाही, कारण तिला लाज वाटते, दुकानाला गेली नाही म्हणून. हे तिनं केशरबाईला सांगितलं, मला नाही.

पंजाबराव सायंकाळी दारात आला. "पोट्टी काहून नाई येऊन राह्यली? दोन वाफे फुटले लेका माहे." मी म्हणालो, अभ्यास आहे. तो भिंतीवर सांबाराची एक जुडी ठेवून गेला. सुतळीची गाठ सैल होती. त्याला येत नाही साक्षीइतकी घट्ट बांधता.

चार दिवस ती घरात आहे. अगदी माझ्याजवळ आहे. एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही तिनं.

१ सप्टेंबर

विनोदचा व्हिडिओ फोन आला. "जयभीम बाबा, साक्षी कुठं हाय?" मी फोन तिकडं फिरवला, तर ती बाजेवर, डोळे सुजलेले, हातात तिचा फोन, सकाळचे अकरा. शाळेच्या सरांनी त्याला आधीच कळवलं होतं.

"हा फोन आलमारीत होता ना? कोनी देल्ला तुले?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण माझ्याआधी ती बोलली.

"मीच काढला, पप्पा. आबा झोपले होते तेव्हा चावी घेतली."

विनोद म्हणाला, "ठीक हाय. दिवाळीत सामान भरून ठेव."

फोन बंद झाला. साक्षी उठली, तिचा फोन आलमारीत ठेवला, दार लोटलं आणि अंघोळीला गेली. चावी माझ्या करदोड्यालाच होती. केशरबाईनं चावीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

३ सप्टेंबर

आज लिहिण्यासारखं काही नाही.

१४ सप्टेंबर

साक्षी पुन्हा बाडीत जाते. पंजाबरावानं काही विचारलं नाही म्हणे, नुसतं फावडं हातात दिलं. संध्याकाळचा तास मागते, कधी मागत नाही. आलमारीला मी कुलूप लावत नाही. पण घरात बोलत नाही ती. "होस्टेलमध्ये शेत असतं का?" एवढंच एकदा आजीला विचारलं.

विनोदला फोन लावायला घेतो. मग वाटतं, म्हाताऱ्या माणसानं पोराला काय सांगावं? की बाप तुझा एका माळ्यावर जळला? पोरगी तशीही गेली असती. होस्टेलही काही वाईट नसतं.

हे वरचं वाक्य खोडणार होतो. राहू दे.

७ ऑक्टोबर

आश्विन पौर्णिमा. वाशिमहून भन्ते आले होते. वर्षावासाचा शेवट. शेवटचं प्रकरण वाचायचा मान माझा.

भन्तेंनी आधी पवारणा समजावून सांगितली. तीन महिने एकत्र राहिल्यावर शेवटच्या दिवशी प्रत्येक भिक्खू दुसऱ्यांसमोर हात जोडतो आणि म्हणतो, माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, नुसती शंका असेल, तरी दया करून मला सांगा. मोठाही म्हणतो, लहानांनाही म्हणतो. हे मी दरवर्षी ऐकतो. दरवर्षी मान डोलावतो.

मग मी ग्रंथ उघडला. साक्षी बायकांच्या मागं, दाराशी बसली होती. पहिल्या दिवशी तिनं जिथं मान खाली घातली होती तीच जागा. माझ्या डोळ्यांपुढं अक्षरं होती, पण ओळ सापडेना. मी बोट फिरवत राहिलो. कुणीतरी म्हणालं, "आबाले चष्मा द्या." चष्मा नाकावरच होता. मी ग्रंथ शेजारच्या पोराकडं दिला.

घरी आल्यावर साक्षीला समोर बसवलं. हात जोडायला गेलो, पण ते नाटक झालं असतं, म्हणून तसाच म्हणालो, "पोरी, माह्यं काय चुकलं ते सांग."

ती पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिली. मला वाटलं चावीचं बोलेल. फोनचं बोलेल.

"विहारात सगळ्यांसमोर सांगितलं तुमी," ती म्हणाली. "मग समदे विचारायचे." थोडं थांबून, "आणि बाडीत एकदाही नाही आले. मी किती वेळा बोलावलं."

"अन् खोटं काहून बोलली तू विनोदले?"

"तुमचं तोंड पाहून," ती म्हणाली. "पप्पा तुम्हाला रागावले असते."

केशरबाईनं भाजीत पाणी जास्त ओतलं, तिला काहीतरी करायचं होतं म्हणून.

मी तिच्यादेखतच विनोदला फोन लावला. "चावी तिनं नाई घेतली. मीच फोन काढून देल्ला, बाजाराच्या दिवशी. ती जाऊ नये मनून."

"काहून बाबा?"

"जळलो मी."

"कोनावर?"

"पंजाबरावावर."

मला वाटलं लाईन गेली. मग विनोद म्हणाला, "सांबारवाल्या पंजाबरावावर?" आणि मागून सूनबाई रत्नमालाचा हसू दाबल्याचा आवाज आला. पण विनोद हसला नाही. म्हणाला, "दिवाळीत येतो. मग पाहू."

८ ऑक्टोबर

शाळा सुटायच्या वेळी बाडीत जाऊन बसलो. साक्षी आली, मला पाहिलं. दुसरं फावडं आणून माझ्यापुढं ठेवलं.

पंजाबराव बाजेवरून म्हणाला, "आला का? म्या त ऑगस्टातच दुसरं फावडं काढून ठेवलं होतं. पोट्टी मने, आबा येतीन."

मेल्यानं हेही स्वतःच्याच नावावर केलं.

२५ ऑक्टोबर

विनोद आणि रत्नमाला आज सकाळच्या बसनं गेले. साक्षीचं सामान इथंच आहे. परवा विनोद बाडीच्या बांधावर बराच वेळ उभा राहून तिला पाणी फिरवताना पाहत होता. निघताना म्हणाला, "परीक्षेपर्यंत राहू द्या. मंग बोलू." म्हणजे उन्हाळ्यापर्यंत तरी दार आपटत राहील.

सगळं सुरळीत झालं असं नाही. परवा तासाचे दोन तास झाले, दारं आपटली, मीही ओरडलो, मग दोघंही उपाशी झोपलो आणि सकाळी शिळी भाकर चटणी वाटून खाल्ली. गणित तसंच आहे. आता ती उभ्यानं सोडवते, फेऱ्या मारत. मी मागं मागं वही धरून चालतो. फोन दोन्ही, तिचा आणि माझा, ज्वारीच्या कोठीवर असतात. माझाही ठेवायचा हा तिचा नियम. मास्तरांचे व्हिडिओ मागं पडले.

आज मोटारीची लाईन, म्हणजे वीज, दुपारची होती आणि शाळेला सुट्टी. ती वरच्या वाफ्यांना, मी खालच्या. पंजाबराव मध्ये मेथी खुडत बसला होता आणि तिला काहीतरी सांगत होता. ती फावड्यावर वाकून हसत होती, पोट धरून. मला अर्धंच ऐकू आलं. कान द्यायला मी दोन पावलं तिकडं सरकलो.

तेवढ्यात पायांना गार लागलं. माझा वाफा फुटला होता. पाणी सगळं सांबारात शिरलं.

"आबा!" साक्षी वरून ओरडली. "तिसरा फुटला ना! लक्ष कुठं हाय तुमचं?"

पंजाबराव दात काढून हसला. मी गडबडीनं मातीचा गोळा टाकला.

तिला काही सांगितलं नाही. लक्ष कुठं होतं, ते मला ठाऊक आहे. काय सांगत होता तो तिला एवढं हसण्यासारखं?